थेट नाटकांचा छोटा पडदा : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील चित्रपटविषयक लेखात, १९५०च्या दशकात अमेरिकन दूरचित्रवाणीवर नाटके थेट सादर होत आणि त्यांतूनच पुढे काही नामांकित चित्रपट निघाले, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या वाक्याविषयी अधिक विचारणा करणारी पत्रे आली, आणि त्यांतील बहुतेक किनारपट्टीवरच्या गावांतून आली. नाटकाचे वेड असलेल्या भागातून ती यावीत यात आश्चर्य नाही. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाने ‘एक रुका हुआ फैसला’ हा चित्रपट दाखवला. नंतरच्या चर्चेत एकांनी सांगितले की ही कथा मुळात अमेरिकन टीव्हीसाठी लिहिलेली असून ती रंगमंचावरील प्रयोगासारखी थेट सादर झाली होती. हे खरे आहे काय? असल्यास असे कार्यक्रम कसे होत असत?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : खरे आहे. बासू चॅटर्जी यांचा १९८६चा हा चित्रपट ज्या हॉलिवूडपटावर आधारलेला आहे, तो सिडनी ल्युमेट यांनी दिग्दर्शित केलेला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ १९५७ साली आला. परंतु त्याच्याही आधी, २० सप्टेंबर १९५४ रोजी, सीबीएस वाहिनीच्या ‘स्टुडिओ वन’ या कार्यक्रमात हे नाटक थेट सादर झाले होते. लेखक रेजिनाल्ड रोझ यांना न्यूयॉर्कमधील एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरीचे, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचे, सदस्य म्हणून बसावे लागले होते आणि त्या अनुभवातून त्यांना हे कथानक सुचले. दिग्दर्शन फ्रँकलिन शाफ्नर यांचे होते. त्या थेट प्रयोगातील जोसेफ स्वीनी आणि जॉर्ज वॉस्कोव्हेक हे दोन नट पुढे चित्रपटातही त्याच भूमिकांत दिसले.

‘स्टुडिओ वन’सारख्या कार्यक्रमांना आपण नाट्यमाला म्हणू. आज मालिका म्हटले की तेच कुटुंब, तीच सासू आणि तोच दिवाणखाना वर्षानुवर्षे चालतो. या नाट्यमालांत मात्र दर आठवड्याला कथा नवी, पात्रे नवी आणि बहुधा नटसंचही नवा असे. कायम राहत ते एवढेच : कार्यक्रमाचे नाव, प्रक्षेपणाची वेळ आणि पैसे देणारी कंपनी. अशा तासाभराच्या साप्ताहिक कार्यक्रमांतील पहिला महत्त्वाचा म्हणजे मे १९४७ मध्ये एनबीसी या दुसऱ्या वाहिनीवर सुरू झालेला ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’. ‘स्टुडिओ वन’ आणि फ्रेड को यांच्या निर्मितीखालील ‘फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस’ हे दोन्ही १९४८ साली आले, आणि १९५६ मध्ये तब्बल दीड तासाचा ‘प्लेहाउस ९०’ आला. साधारण १९४७ ते १९६० या काळाला तिकडे सुवर्णकाळ म्हणतात.

कामाची रीत नाटकवाल्यांना लगेच उमजेल. एका तासाच्या नाटकाची तालीम आठवडा-दीड आठवडा एखाद्या भाड्याच्या सभागृहात चाले आणि प्रत्यक्ष स्टुडिओ व कॅमेरे अगदी शेवटी हाती येत. स्टुडिओत कथेतील सगळ्या जागा, म्हणजे घर, कचेरी, जिना, हॉटेलचा कोपरा, शेजारी शेजारी उभारलेल्या असत. एका जागी प्रवेश चालू असताना दुसऱ्या जागेकडे जाणारा नट अंधारात केबलींवरून उड्या मारत धावे आणि धावता धावताच कोट बदली. कपडे बदलायला वेळच नसेल तर एकावर एक दोन पोशाख आधीच अंगावर चढवलेले असत. तीन-चार अवजड कॅमेरे चाकांच्या गाड्यांवरून फिरत आणि नियंत्रण कक्षात बसलेला दिग्दर्शक कोणत्या कॅमेऱ्याचे दृश्य घरोघरी जावे हे क्षणोक्षणी ठरवी. म्हणजे नंतर संकलनाच्या टेबलावर व्हायचे ते काम येथे नटांच्या श्वासाबरोबर होत होते. सिडनी ल्युमेट, जॉन फ्रँकनहायमर, आर्थर पेन, डेल्बर्ट मान ही पुढे चित्रपटसृष्टीत गाजलेली नावे याच तालमीत तयार झाली.

या साऱ्या अडचणींमुळे एक विशिष्ट प्रकारचे नाटक जन्माला आले, आणि माझ्या मते त्या काळाचे खरे वैशिष्ट्य तेथे आहे. घोडे दौडवता येत नाहीत, गर्दी दाखवता येत नाही, पडदा तर वीतभर. मग उरतो तो माणसाचा चेहरा आणि त्याच्या तोंडचे बोलणे. त्यामुळे लेखकाला महत्त्व आले. पॅडी चायेफ्स्की यांचे ‘मार्टी’ हे नाटक २४ मे १९५३ रोजी सादर झाले. त्याचा नायक न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एक जाडसर, लग्नाचे वय उलटत चाललेला खाटीक आहे. शनिवारच्या संध्याकाळी नाचाच्या सभागृहात त्याला एक साधीशी शिक्षिका भेटते, आणि बहुतेक कथा इथेच संपते. दुसऱ्या एका नाटकाच्या तालमी हॉटेलच्या नृत्यगृहात चालू असताना, विचारणाऱ्या पुरुषाबरोबर मुलींनी नाचावे, कारण पुरुषांनाही भावना असतात, अशा अर्थाची पाटी चायेफ्स्कींच्या नजरेस पडली आणि तेथून हा विषय निघाला. थेट प्रयोगात मार्टीची भूमिका रॉड स्टायगर यांनी केली. १९५५च्या चित्रपटात ती अर्नेस्ट बोर्ग्नाइन यांच्याकडे गेली, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. साडेतीन भिंतींच्या नेपथ्यासाठी लिहिलेल्या तासाभराच्या नाटकाने हॉलिवूडच्या रंगीत भव्यपटांना मागे टाकावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

प्रश्न : आमच्याकडे दशावतारात लिखित संहिता नसते. जत्रेच्या रात्री कथानक ठरते आणि पात्रे रंगमंचावरच संवाद रचतात, त्यामुळे कोणी अडखळला तरी समोरचा राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा नट, सांभाळून घेतो. या थेट टीव्ही नाटकांत नट संवाद विसरला किंवा काही बिघडले तर काय करीत?
— एक दशावतारप्रेमी, वेंगुर्ले

उत्तर : आपण तुलना नेमकी केली आहे, फक्त एक फरक लक्षात घ्यावा. दशावतारातील नाईकाच्या, म्हणजे सूत्रधाराच्या, हाताशी पहाटेपर्यंतचा वेळ असतो. रंग चढला तर युद्धाचा प्रवेश लांबवता येतो आणि पखवाज-पायपेटीवाले साथ देत राहतात. टीव्हीवर मात्र नाटक ठरलेल्या मिनिटाला संपलेच पाहिजे, कारण पुढे जाहिरात आणि दुसरा कार्यक्रम उभा असतो. त्यामुळे प्रयोग मंद चालला तर कोणते संवाद गाळायचे आणि वेगाने चालला तर कोठे रेंगाळायचे, हे आधीच ठरवून ठेवत. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या स्टुडिओत एक विशेष सोय होती : नट अडला की प्रॉम्प्टर एक कळ दाबून स्टुडिओचा आवाज क्षणभर बंद करी आणि वाक्य पुरवी. घरी बसलेल्या प्रेक्षकाला फक्त क्षणभराची शांतता जाणवे.

विसरण्याच्या भीतीचा सर्वांत हृद्य किस्सा ‘रेक्विएम फॉर अ हेवीवेट’ या नाटकाचा आहे. रॉड सर्लिंग यांनी लिहिलेले हे नाटक ११ ऑक्टोबर १९५६ रोजी ‘प्लेहाउस ९०’मध्ये सादर झाले. त्यात जॅक पॅलन्स यांनी थकलेल्या मुष्टियोद्ध्याची भूमिका केली होती, आणि त्याच्या प्रशिक्षकाच्या भूमिकेत होते एड विन. विन हे आयुष्यभर हसवण्याचे काम केलेले जुने विनोदी नट. गंभीर भूमिका त्यांना नवी आणि तालमीत संवाद काही केल्या पाठ होईनात. त्यांचा मुलगा कीनन विन त्याच नाटकात त्यांच्यासमोर उभा होता. शेवटी नेड ग्लास या नटाकडून ती भूमिका गुपचूप बसवून घेण्यात आली, म्हणजे ऐनवेळी बदल करता यावा. प्रत्यक्ष प्रक्षेपणात म्हाताऱ्याने भूमिका उत्तम निभावली आणि त्या रात्रीपासून ते गंभीर नट म्हणूनही ओळखले जाऊ लागले.

सगळेच असे सुखान्त नव्हते. ३० नोव्हेंबर १९५८ रोजी ब्रिटनमध्ये ‘आर्मचेअर थिएटर’ या नाट्यमालेत ‘अंडरग्राउंड’ हे नाटक मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथील स्टुडिओतून थेट चालू होते. गॅरेथ जोन्स हा तरुण नट दोन प्रवेशांच्या मध्ये कोसळला आणि त्याचे निधन झाले. दिग्दर्शक टेड कोचेफ यांनी पुढचे प्रवेश तेथल्या तेथे बदलले, त्याचे संवाद इतरांनी वाटून घेतले आणि नाटक शेवटपर्यंत गेले. आज असे करणे कोणालाही क्रूर वाटेल. तरीही ज्यांनी नाटक कंपनीचे दौरे पाहिले आहेत, त्यांना ही वृत्ती अगदी अनोळखी नसावी.

हलकीफुलकी फजितीही होतच असे, आणि जाहिरातीही थेटच असल्यामुळे ती प्रायोजकालाही चुकत नसे. १९५४ मध्ये वेस्टिंगहाउसच्या फ्रिजची महती सांगणाऱ्या अभिनेत्रीला, लाखो प्रेक्षकांसमोर, त्या फ्रिजचे दारच उघडेना.

प्रश्न : ही नाटके आज पाहायला मिळतात का? त्या काळी ती जपून का ठेवली नाहीत?
— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : थोडी मिळतात. व्हिडिओ टेपवर ध्वनिचित्रमुद्रण करणारे अँपेक्स कंपनीचे पहिले व्यवहार्य यंत्र १९५६ साली आले. तोपर्यंत एकच मार्ग होता, तो म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून दिसेल ते टिपणे. याला किनेस्कोप म्हणत. चित्र धूसर, कडा वाकलेल्या, आवाज बसका. न्यूयॉर्कचे घड्याळ लॉस एंजेलिसच्या तीन तास पुढे असल्यामुळे आणि देशाच्या दोन्ही टोकांना जोडणारी प्रक्षेपणाची सोय १९५१ च्या सप्टेंबरपर्यंत झालेली नसल्यामुळे, पश्चिमेकडच्या केंद्रांना या फिल्मा पाठवाव्या लागत. अनेक नाटके टिकून राहिली ती या सोयीपोटी. कलेचा ठेवा म्हणून कोणी जपली असे फार थोड्यांबाबत म्हणता येईल. रोझ यांच्या ज्यूरीच्या नाटकाची संपूर्ण प्रत तर २००३ साली सापडली.

पुन्हा दाखवायचे झाले तर पुन्हा करावे लागे. सर्लिंग यांचे ‘पॅटर्न्स’ १२ जानेवारी १९५५ रोजी इतके गाजले की ९ फेब्रुवारीला नटांनी स्टुडिओत येऊन ते नव्याने थेट सादर केले. बीबीसीने १२ डिसेंबर १९५४ रोजी ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचे नाट्यरूप दाखवले, त्यावर संसदेपर्यंत गदारोळ झाला, आणि चार दिवसांनी तोच संच पुन्हा उभा राहिला. आज उपलब्ध आहे ते त्या दुसऱ्या प्रयोगाचे मुद्रण. ‘मार्टी’, ‘पॅटर्न्स’ आणि ‘रेक्विएम’ यांच्या किनेस्कोपचा संच क्रायटेरियन या संस्थेने २००९ मध्ये डीव्हीडीवर काढला आहे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपल्यापर्यंत पोहोचली ती निवडक, पारितोषिकप्राप्त नाटके. एकट्या ‘क्राफ्ट’ने अकरा वर्षांत साडेसहाशेच्या आसपास नाटके सादर केली, ती सगळी ‘मार्टी’च्या तोलाची असणे शक्यच नव्हते. दर बुधवारी नवे नाटक उभे करायचे म्हटल्यावर पुष्कळसे घाईचे आणि विसरण्याजोगे असणार हे उघड आहे.

प्रश्न : एवढे सगळे चांगले चालले होते, तर ते बंद का पडले? टेप आली म्हणून?
— एक वाचक, देवगड

उत्तर : टेप हे एक कारण आहे, पण मुख्य नव्हे. हा सुवर्णकाळ प्रायोजकांच्या पैशावर उभा होता आणि त्याच पैशाने तो संपवला, असे माझे मत आहे.

त्या काळी कंपनी आजच्यासारखे दहा-वीस सेकंद विकत घेत नसे, अख्खा तास घेई. ‘क्राफ्ट’ म्हणजे चीज बनवणारी कंपनी, ‘फिल्को’ म्हणजे रेडिओ-टीव्ही संच बनवणारी. आणि ‘क्राफ्ट’चे नाटक तर जे. वॉल्टर थॉम्प्सन ही जाहिरात संस्थाच उभे करी. सुरुवातीला हे लेखकांच्या पथ्यावर पडले. टीव्ही संच महाग होता. १९५० मध्ये अमेरिकेत शंभरांतील जेमतेम नऊ घरांत तो होता, तोही मोठ्या शहरांत, आणि प्रतिष्ठेचे नाटक दाखवले की कंपनीचीही प्रतिष्ठा वाढे. १९६० पर्यंत हे प्रमाण शंभरांत सत्याऐंशीच्या घरात गेले. आता प्रायोजकाला प्रतिष्ठेपेक्षा गर्दी हवी होती. जून १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ या प्रश्नमंजूषेने दाखवून दिले की नाटकाहून कमी खर्चात नाटकाहून मोठी गर्दी जमते. त्याच सुमारास हॉलिवूडचे स्टुडिओ टीव्हीसाठी फिल्मवर मालिका करू लागले. फिल्म पुन्हा पुन्हा दाखवता आणि विकता येते, थेट नाटक त्याच रात्री संपते. हिशेब सरळ होता.

शिवाय चायेफ्स्कींच्या खाटकाचे दुःख जाहिरातवाल्यांना अडचणीचे वाटू लागले. नाटकात माणसाचे प्रश्न दीड तासात सुटत नाहीत आणि जाहिरातीत ते साबणाच्या वडीने अर्ध्या मिनिटात सुटतात. ही दोन्ही शेजारी शेजारी बसली की जाहिरात खोटी वाटते. हस्तक्षेप तर प्रत्यक्षच होत असे. मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची १९५५ साली हत्या झाली आणि आरोपी निर्दोष सुटले. त्यावरून सर्लिंग यांनी लिहिलेले ‘नून ऑन डूम्सडे’ १९५६ च्या एप्रिलमध्ये प्रसारित होईपर्यंत कथा अमेरिकेच्या दक्षिण भागातून उचलून ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये नेली गेली आणि बळी पडलेला माणूस कोणी एक परदेशी झाला. दक्षिणेतील ग्राहक दुखावतील ही धास्ती त्यामागे होती. १६ एप्रिल १९५९ रोजी ‘जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग’ सादर झाले तेव्हा प्रायोजकांत अमेरिकन गॅस कंपन्यांची संघटना होती, म्हणून नाझी छळछावण्यांतील गॅसचा उल्लेख आला की आवाज बंद करण्यात आला. नट बोलतो आहे आणि ऐकू काही येत नाही! ज्यूंच्या संहाराविषयीचे नाटक आणि त्यातील नेमका शब्द इंधनाच्या विक्रीसाठी गाळलेला. याहून बोलके उदाहरण शोधायची गरज नाही.

सर्लिंग यांनी यावर आपला मार्ग काढला. १९५९ मध्ये त्यांनी ‘द ट्वायलाइट झोन’ ही अद्भुतकथांची नाट्यमाला सुरू केली, तीही फिल्मवर चित्रित. जे अमेरिकेतील गावाविषयी बोलू दिले जात नव्हते, ते परग्रहावरील माणसाच्या तोंडी घातले की प्रायोजकाला खटकत नसे.

प्रश्न : मराठी दूरचित्रवाणीवर असा काळ येऊन गेला का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तसाच्या तसा नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा जगात टेप रुळलेली होती, आणि डोंगरांआडच्या कोकणात तर टीव्ही आणखी बराच उशिरा पोहोचला. ‘गजरा’सारख्या कार्यक्रमांतील छोट्या नाटिकांतून मराठी रंगभूमीवरची नटमंडळी स्टुडिओत आली, एकांकिका झाल्या, पण प्रायोजकाच्या पैशावर दर आठवड्याला तासाभराचे नवे नाटक ही व्यवस्था येथे उभी राहिली नाही. खरे साम्य शोधायचे तर ते आकाशवाणीवरील नभोनाट्यात आहे. सुरुवातीच्या काळात तीही थेटच होत, तेथेही लेखक आणि आवाज हेच भांडवल होते. हिंदीत दूरदर्शनच्या ‘कथासागर’ आणि ‘एक कहानी’ यांनी दर वेळी नवी कथा हा साचा जपला, परंतु त्या आधी चित्रित केलेल्या होत्या.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयीन विद्यार्थी एक एकांकिका मोबाइलवरून थेट प्रसारित करण्याच्या विचारात आहोत. या जुन्या लोकांकडून आम्हाला काय घेता येईल?
— नाट्य मंडळाचे विद्यार्थी, अलिबाग

उत्तर : अवश्य करा. सोय असूनही मुद्दाम थेट करण्याचा प्रयोग अमेरिकेतही झाला आहे. सीबीएसने ९ एप्रिल २००० रोजी जॉर्ज क्लूनी यांना घेऊन ‘फेल सेफ’ हे नाटक थेट आणि कृष्णधवल सादर केले होते.

रंगमंचासमोर एक मोबाइल ठेवून संपूर्ण एकांकिका टिपली तर ते नाटकही होत नाही आणि टीव्हीही. किमान तीन मोबाइल घ्या, त्यांतील दोन नटांच्या अगदी जवळ ठेवा आणि कोणाचे दृश्य केव्हा जायचे हे एकाच व्यक्तीने ठरवावे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असलेल्या नटांना बोलणे आणि हातवारे निम्म्यावर आणावे लागतील. हेच सर्वांत कठीण जाते, म्हणून त्याच्या तालमी कॅमेऱ्यासमोरच करा. एक-दोन खोल्यांत घडणारी, चार-पाच पात्रांची संहिता निवडा. उभे राहण्याच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखा. प्रत्येक तालमीला घड्याळ लावा. लेखकाकडून प्रयोगाच्या परवानगीबरोबरच प्रसारणाची परवानगीही लेखी घ्या, कारण ती वेगळी असते.

आवाजाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते, म्हणून वेगळे माइक लावा. लाइट गेली तर कॅमेरे बॅटरीवर चालतील, पण दिवे आणि इंटरनेटचा राउटर बंद पडेल, तेव्हा ते इन्व्हर्टरवर जोडून घ्या. आणि तुमच्या सभागृहाला पत्र्याचे छप्पर असेल, तर प्रयोग दिवाळीनंतरच ठेवा. पत्र्यावर पाऊस पडू लागला तर कोणताही माइक तुमच्या नटांचे संवाद वेगळे काढू शकणार नाही.